हसण्याने ईमान जात नाही

मागच्या आठवड्यात एका मित्राला ‘फोर लायन्स’ पाहा म्हणून सुचवलं. विषय ऐकताच तो उखडला. ‘आत्मघाती हल्लेखोरांवर विनोद? तोही एका गोऱ्या माणसाने केलेला? आधीच सगळं जग आपल्याला हसतंय, त्यात तुम्ही भर घाला!’ त्याने चित्रपट पाहिलेला नव्हता. पाहणारही नाही, हेही त्याने वर ऐकवलं.

न पाहता निषेध करण्याचा हा मक्ता फक्त आपल्याकडे नाही. या चित्रपटाचा दिग्दर्शक ख्रिस मॉरिस हा ब्रिटिश विनोदी नट आणि लेखक. समोरच्या विषयाची माहिती नसताना छातीठोक बोलणारे लोक हाच त्याच्या विनोदाचा जुना विषय. १९९७ च्या ‘ब्रास आय’ मालिकेत त्याने ‘केक’ नावाचं एक ड्रग चक्क मनाने रचलं. नामांकित मंडळींनी कॅमेऱ्यासमोर त्याचे दुष्परिणाम गंभीरपणे सांगितले आणि एका खासदाराने तर संसदेत प्रश्न विचारला. २००१ मध्ये त्याच मालिकेच्या विशेष भागावर गदारोळ झाला. झोडपणाऱ्या मंत्र्यांपैकी सगळ्यांनी तो पाहिलेलाही नव्हता.

हा माणूस आपल्या विषयाकडे वळला तेव्हा काळ वाईट होता. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, ५२ निरपराध माणसं मेली. त्यानंतर प्रत्येक मुसलमानाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. मार्टिन एमिससारख्या नामवंत कादंबरीकाराने २००६ च्या मुलाखतीत मुस्लिम समाजाला त्रास सोसायला लावावा, अशी ऊर्मी बोलून दाखवली. २००७ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ वृत्तपत्रात लेख लिहून या बड्या लेखकाचं अज्ञान उघडं पाडणारा कोण होता? हाच विदूषक. मॉरिस आपला शत्रू आहे असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

२०१० मध्ये ‘फोर लायन्स’ आला. उत्तर इंग्लंडमधले काही तरुण शहीद व्हायला निघालेत. अक्कल बेताची, घमेंड मोठी. दोघे प्रशिक्षणाला पाकिस्तानात जातात आणि रॉकेट उलटं धरून आपल्याच लोकांवर डागतात. बॅरी नावाचा गोरा नवमुस्लिम सगळ्यात कडवा. त्याची योजना काय? मशीदच उडवायची, म्हणजे मुसलमान पेटून उठतील! धर्म सगळ्यात कमी कळलेला माणूस धर्माच्या नावाने सगळ्यात मोठ्याने ओरडतो. हे चित्र आपल्याला अनोळखी आहे का?

माझं म्हणणं इतकंच आहे. दहशतवाद्याला सैतान म्हणा किंवा शहीद म्हणा, दोन्हीकडे त्याची उंचीच वाढते. न्यूज चॅनल त्याला राक्षस करतं, भरती करणारा त्याला सिंह करतो. मॉरिसने त्याला त्याच्या खऱ्या मापाचा केला. मूर्ख, गोंधळलेला, पण माणूस. म्हणूनच शेवटी हे मरतात तेव्हा हसू घशात अडकतं. प्रत्येक स्फोटानंतर आपल्या संघटना निषेधाची पत्रकं काढतात. ती काढावीत. पण त्या पत्रकांनी कधी कुणा पोराच्या डोक्यातला ‘सिंह’ उतरवलाय?

चित्रपट फक्त त्यांनाच हसतो असंही नाही. कटाचा म्होरक्या उमर (रिझ अहमद) आधुनिक कपड्यांतला, थट्टेखोर, घरी बायको-मुलगा असलेला. त्याचा भाऊ दाढीवाला, पक्का मजहबी आणि हिंसेच्या सरळ विरोधात. पोलिस छापा कुणाच्या घरी टाकतात? भावाच्या. दाढी पाहून माणूस उचलणाऱ्या व्यवस्थेला याहून सणसणीत चपराक कोणती? खुद्द रिझ अहमदला ‘द रोड टू ग्वांतानामो’ या चित्रपटासाठी बर्लिनच्या महोत्सवाला जाऊन परतताना ल्युटन विमानतळावर अडवून छळलं होतं. अर्थात हा भाऊही विनोदातून सुटत नाही. बायकांना नजरेआड ठेवण्याच्या त्याच्या हट्टाची वहिनी चांगली खिल्ली उडवते. त्याला अपमान समजणाऱ्यांनी आधी आपापल्या घरात डोकावावं.

२०१९ चा ‘द डे शॅल कम’ त्याच्या पुढे गेला. २००६ मध्ये मायामीत सात गरीब माणसांना अटक झाली आणि अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने मोठा कट उधळल्याचं जाहीर केलं. अल कायदाचे म्हणून त्यांना भेटलेले लोक प्रत्यक्षात एफबीआयचे खबरे होते. दोन खटल्यांत ज्यूरीचं एकमत झालं नाही. तिसऱ्या वेळी, २००९ मध्ये, पाच जण दोषी ठरले. अशा प्रकरणांवरून सुचलेल्या या चित्रपटात हसू थेट सरकारी खुर्चीवर रोखलेलं आहे.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. लंडनच्या स्फोटात ज्यांची माणसं गेली, त्यांच्यातून ‘फोर लायन्स’वर बहिष्काराची हाक आली होती. त्यांना मी काय शिकवणार? ज्याचं घर उजाडलं त्याने हसलंच पाहिजे, असा नियम नाही. पण आपलं घर उजाडलेलं नाही. आपल्याला फक्त लाज वाटतेय, आणि त्या लाजेला आपण गैरत म्हणतोय.

दुसऱ्या बाजूच्यांनीही खूश होऊ नये. दाढी-टोपीचे विनोद फॉरवर्ड करून ‘तुम्हाला विनोद सोसत नाही’ म्हणणाऱ्यांना मी मॉरिसच्या रांगेत बसवणार नाही. त्याने आधी वर्षानुवर्षं अभ्यास केला, माणसांना भेटला, मग हसला. दाढीला हसणं वेगळं आणि दाढीला घाबरणाऱ्याला हसणं वेगळं.

उर्दूच्या तासाला मी पतरस बुखारी शिकवतो तेव्हा मुलं पोट धरून हसतात. पतरस स्वतःचीच फजिती सांगतो, म्हणून तो त्यांना आपला वाटतो. हीच मुलं संध्याकाळी मोबाईलवर काय पाहतात, ते आपल्याला ठाऊक नसतं. संथ चाल, भारदस्त आवाज आणि बंदूक घेतलेला एखादा ‘सिंह’ तिथे त्यांना भेटू शकतो. त्या वेळी शेजारी मौलाना नसतील, मास्तर नसेल. तेव्हा त्या सिंहाला पाहून पोराला खुदकन हसू आलं, तर तो वाचला.

मित्राला परत निरोप धाडलाय. आधी बघ, मग चीड.