बाल्कनीच्या पाण्याची वाट नकाशावरच ठरावी

बाल्कनीवर पाऊस पडणारच, आणि पडलेले पाणी काही मिनिटांत बाहेर गेलेच पाहिजे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीन मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद बाल्कनीवर तासाला 100 मिलिमीटरची सर आली, तर मिनिटाला सहा लिटर पाणी जमते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या बाल्कनीवर तो सुमारे 3,400 लिटर होतो. त्यात वाऱ्याने भिंतीवर आपटून खाली ओघळणारे पाणी वेगळेच. तरीही हे पाणी वाहून न्यायला एक साधा पाइप पुरतो. बाल्कन्या खराब होतात त्या उतार चुकल्यामुळे आणि जाळी तुंबल्यामुळे.

साचलेले पाणी बाल्कनीला इतके का बाधते, हे सळ्यांच्या जागेवरून कळते. खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागातला ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या तिथे असतात. भिंतीबाहेर झुलणाऱ्या बाल्कनीत ताण वरच्या बाजूला असतो आणि मुख्य सळ्याही वरच. म्हणजे लादीखाली मुरलेले पाणी थेट त्या सळ्यांकडे जाते, ज्यांच्यावर बाल्कनी तोललेली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्या दाबाने काँक्रीट तडकते, आणि तडा पाण्याला आणखी आत घेतो. छताचे पोपडे खालून दिसतात तरी. बाल्कनीच्या वरच्या तड्यावर मात्र लादी बसलेली असते. बाल्कनीच्या ओलीला घरातल्या इतर कोणत्याही ओलीपेक्षा गंभीर मानले पाहिजे ते यासाठी.

उपाय स्लॅब ओतण्यापूर्वी सुरू होतो. बाल्कनीचा स्लॅब खोलीपेक्षा खाली धरावा लागतो, म्हणजे वॉटरप्रूफिंग, कोबा आणि लादी बसूनही दाराच्या उंबऱ्याशी पायरीएवढा फरक उरतो. उतार मीटरला किमान एक सेंटिमीटर, दाराकडून बाहेर आणि तिथून पाइपाच्या तोंडाकडे. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर वीतभर चढवून कोपऱ्यात गोल वाटा मारतात. त्यानंतर पाइपाचे तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचे आणि खालून स्लॅब पाहायचा. घाईत हीच चाचणी गाळली जाते. रेलिंगचे पाय लादीतून स्लॅबमध्ये ड्रिल केले, तर प्रत्येक भोक हा पाण्याचा नवा दरवाजा. ते स्लॅबच्या बाहेरच्या कडेला किंवा उंच कठड्यात पकडणे बरे. कडेच्या खाली बोटभर खाच ठेवली की थेंब तिथेच सुटतो आणि भिंतीकडे सरकत नाही.

पाइपाचे दुसरे टोक कुठे सुटते, हा पुढचा प्रश्न. पावसाचे पाणी स्वतःच्या आवारात, पर्जन्यवाहिनीत किंवा शोषखड्ड्यात जायला हवे. शेजाऱ्याच्या जागेत सोडलेली पन्हाळ हे भांडणाचे जुने कारण आहे; 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमात असा हक्क 20 वर्षांच्या अखंड, निर्वेध वापरानंतर मिळू शकतो, म्हणून शेजारीही सुरुवातीलाच हरकत घेतो. धुण्याचे मशीन बाल्कनीत ठेवायचे असेल, तर साबणाचे पाणी सांडपाणी ठरते. त्याला मलनिस्सारण वाहिनीला जोडलेला वेगळा पाइप लागतो. ते पावसाच्या पाइपात सोडले, की ओढ्यामार्गे थेट नदीत जाते.

परवानगीची बाजू इथे जोडलेली आहे. महाराष्ट्रात बांधकामाचा अर्ज प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 खाली होतो. बृहन्मुंबईला स्वतःची नियमावली आहे. राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागात 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. पूर्वी ठराविक मर्यादेपर्यंतची बाल्कनी चटईक्षेत्रातून वगळली जाई. 2020 च्या नियमावलीत ती मोजली जाते. त्यामुळे मंजुरीनंतर बाल्कनी वाढवणे किंवा हलवणे म्हणजे सुधारित नकाशा. छाननीत मुख्यतः क्षेत्रफळ, सामासिक अंतरे आणि उंची पाहिली जाते. बाल्कनीचा उतार, उंबऱ्याचा फरक, पाइपाची जागा हे सहसा कोणी विचारत नाही, आणि मंजुरीचा शिक्का म्हणजे सगळे तपासले गेले, असा मालकाचा समज होतो. तो घातक आहे.

म्हणून अर्ज दाखल होण्याआधी वास्तुविशारदाकडून दोन गोष्टी कागदावर घ्याव्यात: बाल्कनीचा उभा छेद, त्यात स्लॅबची पातळी, थर आणि उतार आकड्यांत, आणि जागेच्या नकाशावर प्रत्येक पाइप जमिनीत कुठे उतरतो त्याची रेघ. तोच छेद आर. सी. सी. सल्लागाराकडे जातो, कारण खाली धरलेला स्लॅब तुळईत कसा अडकवायचा ते त्याला ठरवायचे असते. जोते तपासणीच्या वेळी जमिनीखालचे पाइप उघडेच असतात. ते बुजवण्याआधी नकाशाशी ताडून घेता येतात. बाल्कनीतल्या पाण्याच्या चाचणीची तारीख आणि फोटो भोगवटा प्रमाणपत्राच्या फाइलमध्येच ठेवावेत, कारण पुढे गळती निघाल्यावर कंत्राटदाराशी बोलताना तोच पुरावा उरतो.