०४/०६ म्हणजे जून की एप्रिल?



आमच्या देवरूखसारख्या तालुक्याच्या गावातही आता मोठ्या वर्गातली मुलं पायथॉन शिकतात, शेअरच्या भावांचे आलेख काढतात. छान आहे. पण आलेख विचित्र आला की सगळे सूत्र तपासत बसतात. आधी तारखेचा रकाना बघा!

खरं उदाहरण घेऊ. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. सेन्सेक्स त्या दिवशी सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. आपण तारीख लिहिणार ०४/०६/२०२४. पायथॉनमधलं पांडाज मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, अमेरिकन रीतीने महिना आधी धरतं आणि वाचतं ६ एप्रिल. झालं, बाजार दोन महिने आधीच पडला! बरं, ६ एप्रिलला शनिवार होता, बाजार बंद. म्हणजे वार बघून चूक सापडते. पण ५ जूनची होते ६ मे. तो सोमवार, बाजार चालू. आता कशी सापडणार? १३ तारखेला तेरावा महिनाच नसल्यामुळे प्रोग्रॅम निदान कधी कधी अडतो तरी. न अडता चुकणारी तारीख जास्त घातक.

काही जण नंतर दिवस-महिन्याची अदलाबदल करून भागवतात. मला हे पटत नाही. कुठल्या ओळी उलटल्यात आणि कुठल्या बरोबर आहेत, हे तोवर कळेनासं झालेलं असतं. फाईल वाचतानाच सांगायचं: आधी दिवस, मग महिना, मग चार अंकी वर्ष. आणि साठवताना २०२४-०६-०४, म्हणजे आयएसओ ८६०१ ची पद्धत. मोठं एकक डावीकडे, त्यामुळे क्रम आपोआप लागतो. शतक, दशक, एकक आपण असंच तर शिकवतो!

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी का लिहितात, हेही मुलांना याच वेळी सांगावं. एनएसईच्या जुन्या भावकॉपीत महिना अक्षरांत असायचा, तिथेही हाच फायदा.

माझ्या मते हा धडा कॉम्प्युटरच्या तासाची वाट बघत ठेवू नये. चौथीच्या वर्गात कॅलेंडर घेऊन विचारा: वर्षातल्या किती तारखा उलट वाचल्या तरी खऱ्या वाटतात? १२ गुणिले १२, म्हणजे १४४. त्यातल्या ०१/०१, ०२/०२ अशा १२ तारखा उलटूनही त्याच राहतात. उरल्या १३२. त्या मुलांना कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने रंगवू द्या.