धावणारा शेवटी आणा

लास व्हेगास रेडर्सना रनिंग बॅक हवा होता, याबद्दल वाद नाही. २०२४ च्या हंगामात हा संघ १७ पैकी ४ सामने जिंकला. चेंडू घेऊन धावण्यात तो एनएफएलच्या ३२ संघांत शेवटचा ठरला. सामन्याला सरासरी ८० यार्डसुद्धा नाहीत. आधीच्या पाच वर्षांचा त्यांचा मुख्य धावपटू जोश जेकब्स त्याच वर्षी ग्रीन बे पॅकर्सकडे निघून गेला होता आणि त्याची जागा कुणालाच भरता आली नव्हती. एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये रेडर्सची पाळी सहाव्या क्रमांकावर आली आणि त्यांनी बॉयझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी घेतला. आदल्या हंगामात त्याने २,६०१ यार्ड काढले होते. कॉलेज फुटबॉलमधला बॅरी सँडर्सचा १९८८ चा २,६२८ यार्डांचा विक्रम त्याच्यापासून २७ यार्ड दूर राहिला. असा खेळाडू हाती लागल्यावर टाळ्या पडणारच, आणि त्या पडल्या.

माझे म्हणणे असे की ती निवड चुकीची होती. संघासाठी चुकीची, आणि त्याहून जास्त त्या मुलासाठी.

समोरच्या बाजूचे म्हणणे हलके नाही. ते असे: दुबळ्या संघाकडे चांगला क्वार्टरबॅक नसतो. जो असतो त्याच्यावरचा भार कमी करायचा तर जमिनीवरून चेंडू पुढे न्यावा लागतो. धावणे चालले की घड्याळ सरकते, बचावफळीला श्वास मिळतो, प्रतिस्पर्धी पुढे सरसावतो आणि मागे पासला मोकळी जागा होते. शिवाय रनिंग बॅक पहिल्याच वर्षी फळ देतो. टॅकल किंवा क्वार्टरबॅक घडायला वर्षे जातात. आणि सहाव्या क्रमांकावर उरलेल्यांत सर्वांत गुणी खेळाडू तोच असेल तर त्याला सोडून कमी गुणाचा कशासाठी घ्यायचा?

यातले शेवटचे सोडून बाकी सगळे खरे आहे, पण एका अटीवर. ती अट म्हणजे धावणाऱ्यापुढची पाच माणसे. सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल, म्हणजे लाइन. चेंडू बॅकच्या हातात पडतो तेव्हा त्या पाच जणांनी आपापली लढाई अर्ध्या पावलाने तरी जिंकलेली असावी लागते. गार्ड आणि सेंटरने मिळून समोरच्या बचावफळीतल्या धिप्पाड टॅकलला ढकलायचे आणि नेमक्या क्षणी त्यांच्यातल्या एकाने सुटून मागच्या लाइनबॅकरला गाठायचे. टॅकलने कडेचा खेळाडू बाहेरच्या बाजूला रोखून धरायचा. यातले एक काम फसले की बॅकला भेटायला कुणीतरी सुरुवातीच्या रेषेच्या मागेच उभा असतो. असामान्य बॅक त्यालाही चुकवतो, दोन यार्डांचा तोटा असतो तिथे एक यार्ड मिळवतो. आकडेवारीत तो एक यार्ड नगण्य दिसतो आणि त्यासाठी त्याच्या बरगड्यांनी काय सोसले ते कुठेच नोंदले जात नाही. आणि घड्याळाचा मुद्दा तर आघाडीवर असलेल्या संघाचा आहे. उत्तरार्धात १७ गुणांनी मागे पडलेला संघ धावतच नाही, त्याला पासच करावे लागतात. हरणाऱ्या संघात उत्तम बॅकच्या हाती चेंडू नेमका गरजेच्या वेळी येत नाही.

रेडर्सना हे बाहेरून शिकण्याची गरज नव्हती. त्यांनी २००८ मध्ये चौथ्या क्रमांकावर डॅरेन मॅकफॅडन घेतला. त्याच्या सात हंगामांत संघ एकदाही निम्म्याहून जास्त सामने जिंकला नाही. २०१० मध्ये तर रेडर्स धावण्यात अख्ख्या लीगमध्ये दुसरे होते, आणि विजय ८, पराभव ८. नंतर २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत, २४ व्या क्रमांकावर, जेकब्स आला. २०२२ मध्ये १,६५३ यार्ड काढून तो लीगमध्ये पहिला आला. त्या वर्षी संघाचे विजय ६ आणि पराभव ११. जमिनीवरचा सर्वोत्तम माणूस तुमच्याकडे आहे आणि तरी तुम्ही ११ सामने हरता, यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा होता? पुढे २०२४ मध्ये तोच जेकब्स पॅकर्ससाठी १,३२९ यार्ड आणि १५ टचडाउन करून प्लेऑफमध्ये खेळला. जानेवारी २००३ नंतर रेडर्सनी प्लेऑफचा एकही सामना जिंकलेला नाही, आणि या काळात बॅक निवडण्यात ते फारसे चुकलेले नाहीत. त्यांची चूक वेगळ्या जागी आहे.

इथे हटकून डॅलस काउबॉइजचे नाव पुढे येते. २०१५ मध्ये ४ विजय आणि १२ पराभव, २०१६ मध्ये चौथ्या क्रमांकावर इझेकिएल एलियट घेतला, त्याने १,६३१ यार्ड काढून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि संघ १३ सामने जिंकला. दुबळ्या संघाला बॅकने तारले ते हे पाहा, असे सांगतात. पण तो संघ दुबळा होता कुठे? टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन हे तिघे पहिल्या फेरीतले लाइनमन २०११ ते २०१४ या काळातच आणून ठेवलेले होते. त्यांच्यामागून २०१४ मध्ये डिमार्को मरी १,८४५ यार्ड धावला. मरी होता तिसऱ्या फेरीतला. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाला गेला आणि ७०२ यार्डांवर आला. आणि डॅलसमध्ये त्याच्या जागी कोण आला? मॅकफॅडन. रेडर्सकडे झिजलेला, दुखापतींनी गांजलेला, सत्ताविशीतच संपला म्हणून सोडून दिलेला. त्याने त्या लाइनमागून १,०८९ यार्ड काढले आणि लीगमध्ये चौथा आला. म्हणजे १२ पराभवांच्या त्या वर्षातही डॅलसचे धावणे उत्तमच चालले होते. संघ बुडाला तो क्वार्टरबॅक टोनी रोमोचे कॉलरबोन मोडून तो चारच सामने खेळू शकला म्हणून. २०१६ चा चमत्कार एलियटइतकाच, कदाचित जास्तच, चौथ्या फेरीत मिळालेल्या क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा होता.

आता दुसऱ्या टोकाला बसलेल्यांशीही भांडले पाहिजे. गेली पंधरा-वीस वर्षे आकडेवारीचे अभ्यासक सांगत आले आहेत की रनिंग बॅकला काही किंमतच नाही, लाइन चांगली असेल तर कुणीही धावेल. डेन्व्हर ब्रॉन्कोजचे उदाहरण ते देतात, आणि ते जोरदार आहे. सहाव्या फेरीतला टेरेल डेव्हिस १९९८ मध्ये २,००८ यार्ड धावला. तो जायबंदी झाल्यावर १९९९ मध्ये ऑलंडिस गॅरीने हजारावर यार्ड काढले, २००० मध्ये सहाव्या फेरीतल्याच माइक अँडरसनने १,४८७. प्रशिक्षक माइक शॅनहन आणि लाइनचे गुरू अ‍ॅलेक्स गिब्ज यांची पद्धतच तशी होती. पण त्या पाठोपाठच्या यशस्वी बॅकपैकी सुपर बोल जिंकून दिले ते डेव्हिसने, दोनदा. १९९३ मध्ये एमिट स्मिथ पगाराच्या वादावरून पहिले दोन सामने घरी बसला, तेव्हा आदल्या वर्षीचे विजेते काउबॉइज दोन्ही हरले. तो परतला आणि त्यांनी पुन्हा सुपर बोल जिंकला. लाइन तीच, क्वार्टरबॅक तोच. म्हणून बॅक कवडीमोल आहे हे मला मान्य नाही. तयार संघाला तो आणखी एक पायरी वर नेतो. पाया नसलेल्या संघाला तो ते देऊ शकत नाही, आणि देता येत नाही हा त्याचा दोष नाही.

सेक्वॉन बार्कलीची कहाणी यासाठीच पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. २०१७ मध्ये १३ सामने हरलेल्या न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पहिल्या वर्षी धावून आणि झेलून त्याने मिळून २,०२८ यार्ड केले, सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. संघ ५ सामने जिंकला. २०२० मध्ये दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. सहा वर्षांत प्लेऑफ एकदाच. २०२३ मध्ये त्याची सरासरी धावेमागे ३.९ यार्ड होती, आणि तो उतरणीला लागला असे बोलले जाऊ लागले. मार्च २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. त्याच्यापुढे मेलाटा, डिकरसन, जर्गेन्स, बेक्टन, लेन जॉन्सन ही लाइन आणि तिला घडवणारे जेफ स्टाउटलंड. तेच पाय, वय २७, आणि सरासरी ५.८. हंगामात २,००५ यार्ड, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल. त्या वर्षी जायंट्सचे विजय ३. ईगल्सनी वर्षानुवर्षे लाइनवर ड्राफ्टच्या जागा खर्च केल्या आणि बॅक शेवटी, बाजारातून विकत आणला. बाल्टिमोरने तेच केले: १३ सामने जिंकलेल्या संघात ३० वर्षांचा डेरिक हेन्री आणला, आणि तो १,९२१ यार्ड धावला. नांगरट झालेल्या शेतातच पेरणी करावी, इतकी ही साधी गोष्ट आहे.

मला यातली सर्वांत जास्त टोचणारी बाजू पैशाची आणि शरीराची आहे. पहिल्या फेरीतल्या नवोदिताचा करार चार वर्षांचा, पाचवे वर्ष संघाच्या मर्जीवर, आणि त्यानंतरही फ्रँचायझी टॅग लावून संघ त्याला आणखी एक वर्ष अडकवू शकतो. पगार ठरतो ड्राफ्टच्या क्रमांकावर आणि पहिली तीन वर्षे नव्याने बोलणी करता येत नाहीत. क्वार्टरबॅक तिशीनंतर दुसरा, तिसरा मोठा करार करतो. बॅकची उत्तम वर्षे नेमकी या बांधलेल्या मुदतीतच येतात आणि संपतात. जेकब्सचे पाचवे वर्ष रेडर्सनी नाकारले, मग तो लीगमध्ये पहिला आल्यावर त्याला टॅग लावला. २०२३ च्या उन्हाळ्यात जेकब्स आणि बार्कली दोघेही या टॅगखाली होते आणि देशातले आघाडीचे बॅक ऑनलाइन बैठक घेऊन आपली किंमत का घसरते यावर बोलत होते. अशा खेळाडूला जो संघ अजून तीन वर्षे तरी जिंकणार नाही तो पहिल्या फेरीत घेतो, तेव्हा तो त्याची तरुण वर्षे, गुडघे आणि घोटे अशा सामन्यांत खर्च करतो ज्यांचे निकाल आधीच लागलेले असतात. बॅरी सँडर्स डेट्रॉइटमध्ये दहा वर्षे खेळला. १५,२६९ यार्ड, आणि प्लेऑफमधला विजय एकच. वॉल्टर पेटनचा विक्रम दीड हजार यार्डांच्या आत आलेला असताना १९९९ मध्ये ३१ व्या वर्षी तो निवृत्त झाला. लोकांना आश्चर्य वाटले. मला वाटत नाही.

मग रेडर्सनी काय करायला हवे होते? उत्तर त्याच ड्राफ्टमध्ये आहे. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे २०२४ चे गुणपत्रकही हुबेहूब ४ विजय, १३ पराभव असेच होते. त्यांनी चौथ्या क्रमांकावर डावा टॅकल विल कॅम्बेल घेतला, बाजारातून अनुभवी उजवा टॅकल मॉर्गन मोझेस आणला, आणि बॅक दुसऱ्या फेरीत, ३८ व्या क्रमांकावर, ट्रेव्हियन हेंडरसन. ३७ वी जागा रेडर्सची होती. ती त्यांनी मायामीला देऊन टाकली. सहाव्यावर रेडर्सनी सोडलेला टॅकल आर्मंड मेंबू सातव्यावर जेट्सनी उचलला. रेडर्सनी लाइनमन घेतले ते ९८ व्या आणि ९९ व्या क्रमांकावर. पेट्रियट्स पुढच्या हंगामात १४ सामने जिंकून सुपर बोलपर्यंत गेले. ते सगळे एका टॅकलमुळे झाले असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे ड्रेक मे हा क्वार्टरबॅक होता, बचावावर त्यांनी पुष्कळ पैसा ओतला होता, आणि कॅम्बेलला त्या वर्षी बराच मारही खावा लागला. पण खरेदीचा क्रम त्यांचा बरोबर होता.

रेडर्सचे २०२५ चे वर्ष ३ विजय आणि १४ पराभवांनी संपले. डावा टॅकल कोल्टन मिलर चौथ्याच सामन्यात घोटा मोडून बाहेर गेला आणि त्याची जागा घेण्याजोगा कुणी नव्हता. जेंटीला अडीचशेहून जास्त वेळा त्या भिंतीवर धाडले गेले. ९७५ यार्ड निघाले. प्रशिक्षक पीट कॅरोल यांना एकाच हंगामानंतर जावे लागले.

आता जेंटी आहे, तो परत करता येत नाही, आणि करूही नये. पोरगा खरोखर गुणी आहे. म्हणून हंगामाबाहेरच्या या महिन्यांत रेडर्सची बॅकच्या जागेवरची गरज मला वेगळी दिसते. त्यांना हवा आहे तो दुसरा बॅक: चौथ्या-पाचव्या फेरीतला किंवा बाजारातला, जो सामन्यात आठ-दहा वेळा चेंडू नेईल, तिसऱ्या डाउनला क्वार्टरबॅकसमोर उभा राहून ब्लिट्झ अडवेल आणि निकाल लागून गेलेल्या चौथ्या क्वार्टरमध्ये जेंटीला बाकावर बसू देईल. गेल्या वर्षी या कामासाठी आणलेला रहीम मोस्टर्ट ३३ वर्षांचा होता. बाकीचा पैसा आणि पहिल्या तीन फेऱ्यांतल्या जास्तीत जास्त जागा गार्ड, सेंटर आणि टॅकलवर जायला हव्यात, मिलरच्या मागे उभा राहील असा एक धरून. जेंटीच्या करारातली चारपैकी तीन वर्षे उरली आहेत.