ड्रिल भंगारात घालू नका, पॅक भरून घ्या

कळ दाबली की दोन फेरे फिरतं आणि मान टाकतं, असं बॅटरीवरचं ड्रिल मशीन आज कितीतरी सुतारांच्या, वायरमनच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्यांच्या माळ्यावर पडून आहे. दुकानात चौकशी केली तर उत्तर ठरलेलं: ‘हे मॉडेल बंद झालं. याची बॅटरी आता येत नाही. नवीनच घ्या.’ मग एके दिवशी ते मशीन भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं आणि किलोच्या भावात जातं. हे थांबवायला हवं, आणि आपल्याला ते थांबवता येतं. बहुतेक वेळा बिघडलेले असतात ते बॅटरीच्या डब्यातले दहा-पंधरा सेल. ते बदलता येतात. त्यासाठी लागणारं सामान मिळतं, ते काम जाणणारे हात आपल्या गावोगावी तयार होत आहेत. कमी आहे ती मागणीची, आणि ती तुमच्या-माझ्याकडूनच यायची आहे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं चांगल्या प्रतीचं ड्रिल उघडून पाहा. आत दणकट डीसी मोटर, धातूच्या दात्यांचे गिअर, बिट घट्ट धरणारा चक. कार्बन ब्रश झिजले तर बदलता येतात, स्विच गेला तर दुसरा बसतो, गिअरला ग्रीस भरलं की आवाज निवळतो. कारागिराच्या हाताला त्या मशीनचं वजन आणि तोल सवयीचा झालेला असतो. शिवाय अनेकदा एकाच पॅकवर ड्रिल, जिगसॉ आणि छोटी गोल करवत असा संच चालत असतो. पॅक मिळेनासा झाला की अख्खा संच एका दिवसात निकामी ठरतो. ज्या बांधकामावर अजून मीटरच बसलेला नाही, ज्या शेतावर दिवसा वीज नाही, तिथे बिनवायरच्या हत्यारावर माणसाची रोजची मजुरी अवलंबून असते.

ही हत्यारं पोरकी झाली ती तंत्रज्ञान बदललं म्हणून. अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये पहिलं बिनवायरचं ड्रिल आणलं, ते निकेल-कॅडमियम सेलवर. जपानच्या माकिताने १९७८ मध्ये ७.२ व्होल्टचं ड्रिल काढलं. पुढे कित्येक वर्षं या धंद्यात निकेलच्या सेलचंच राज्य होतं. २००३ मध्ये बॉशने लिथियम-आयनवरचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणला, २००५ मध्ये माकिताने १८ व्होल्टची लिथियम मालिका आणली आणि वारं फिरलं. २०१६ च्या अखेरीनंतर युरोपीय संघाने हत्यारांसाठी कॅडमियमचे नवे पॅक बाजारात आणायलाही बंदी घातली. हा बदल योग्यच होता. लिथियम वजनाला हलकं, पडून राहिलं तरी चार्ज टिकवणारं, आणि त्यात कॅडमियमचं विष नाही. पण सेलबरोबर पॅकचा आकार बदलला, खाच बदलली, चार्जर बदलला. मोटरला मात्र सेल कोणत्या जातीचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तिला योग्य व्होल्टेज आणि पुरेसे अँपिअर हवे असतात. आपली सगळी आशा या एका गोष्टीत आहे.

आधी पॅक का मरतो ते समजून घेऊ. निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा. ९.६ व्होल्टच्या पॅकमध्ये असे ८ सेल, १२ व्होल्टच्या पॅकमध्ये १०, १४.४ च्या पॅकमध्ये १२ आणि १८ च्या पॅकमध्ये १५ सेल एकामागे एक जोडलेले असतात. सगळे एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. एखादा कमजोर सेल आधी रिकामा होतो, उरलेले त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्याचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा जातो. म्हणून मल्टिमीटर हाती घ्या, पॅक चार्ज करा, थोडा वेळ राहू द्या आणि एकेक सेल मोजा. एक-दोन सेल शून्यावर दिसले तर मशीनला दोष देण्याचं कारण उरत नाही. मात्र मेलेले दोनच सेल बदलून भागवू नका. नव्या-जुन्यांच्या रांगेत पुन्हा सगळ्यांत दुबळा सेल मार खातो. संच बदलायचा तर एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या सेलचा पूर्ण संच घाला.

वाटा तीन आहेत.

पहिली वाट निकेल-मेटल हायड्राइडची. या सेलचं व्होल्टेज तेच १.२, आकारही तोच मिळतो. जुन्या पॅकमध्ये बहुधा ‘सब-सी’ मापाचे, सुमारे २२ मिलिमीटर जाडीचे आणि ४३ मिलिमीटर उंचीचे सेल असतात. नवे सेल त्याच घरात बसतात, क्षमता बहुधा जास्त मिळते आणि कॅडमियमही टळतं. एक अट आहे. तुमच्या चार्जरवर ‘निकेल-कॅडमियम’ आणि ‘निकेल-मेटल हायड्राइड’ ही दोन्ही नावं छापलेली आहेत का ते पाहा. पूर्ण चार्ज झाल्यावर व्होल्टेज किंचित घसरतं, ती घसरण ओळखून चांगला चार्जर थांबतो. या नव्या सेलमध्ये ती घसरण फार बारीक असते. अगदी साधा, न थांबणारा चार्जर सेल तापवून मारतो. पॅकच्या आत सेलला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर असेल तर तो जपून काढा आणि नव्या सेलला तसाच चिकटवा.

दुसरी वाट लिथियमची. लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा. असे पाच जोडले की १८ व्होल्ट होतात, चार जोडले की १४.४. म्हणजे या दोन मापांची जुनी मशीनं लिथियमवर छान चालतात. १२ व्होल्टचं गणित तितकं जुळत नाही, कारण तीन सेलचे १०.८ कमी पडतात आणि चार सेलचे १४.४ जास्त होतात. तिथे पहिलीच वाट बरी. तुमच्याकडे नव्या १८ व्होल्टच्या मशीनचा लिथियम पॅक असेल तर तो जुन्या मशीनला जोडणारा अ‍ॅडॅप्टरही चालतो. डीवॉल्टने आपल्या जुन्या १८ व्होल्टच्या हत्यारांसाठी असा अ‍ॅडॅप्टर स्वतःच काढला होता. पण एक भेद लक्षात ठेवा. निकेलचा पॅक पार संपेपर्यंत वापरला तरी सहसा सावरतो. लिथियमचा सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली गेला की त्याचं नुकसान होतं, आणि जुन्या मशीनमध्ये त्याला वेळेवर थांबवणारी काही सोय नसते. म्हणून पॅकमध्ये किंवा अ‍ॅडॅप्टरमध्ये व्होल्टेज घसरताच पुरवठा तोडणारं सर्किट असलंच पाहिजे.

तिसरी वाट सगळ्यांत साधी. मशीन एकाच जागी वापरायचं असेल तर रिकाम्या पॅकच्या डब्यातून जाड वायर बाहेर काढा आणि १२ व्होल्टचं ड्रिल लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर चालवा. बॅटरीजवळ फ्यूज घाला आणि वायर आखूड ठेवा. बिनवायरचं सुख जातं, पण कामाचं मशीन कामावर परत येतं.

आता सुरक्षिततेचं बोलतो, आणि इथे तडजोड नको. लिथियमचा पॅक निकेलच्या जुन्या चार्जरमध्ये कधीही घालू नका. त्यातून आग लागू शकते. त्याला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबवणारा स्वतःचा चार्जर लागतो. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, उष्णतेने आतलं सील बिघडतं. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडून घ्या. ड्रिल अडकलं की क्षणभर दहा-वीस अँपिअरच्याही वर प्रवाह खेचतं, म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल इथे चालणार नाहीत. मोठा प्रवाह देणारेच सेल मागा, त्यांवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पाहा. १८ मिलिमीटर जाडीच्या सेलवर ९,००० किंवा ९,९०० मिलीअँपिअर-तास छापलेलं दिसलं तर तो सेल हातातही घेऊ नका. त्या मापाचा चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. व्होल्टेज २ च्याही खाली जाऊन बरेच दिवस पडून राहिलेला लिथियम सेल पुन्हा जिवंत करायच्या फंदात पडू नका. आणि हे काम स्वतःला जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

खर्चाचंही खरं तेच सांगायला हवं. उत्तम प्रतीच्या सेलचा पूर्ण संच स्वस्त नसतो. कधीकधी त्याच पैशात बाजारात एखादं हलकं नवं ड्रिल येतं आणि मोह होतो. अशा वेळी किमतीशेजारी आयुष्यही मांडा. जुन्या मशीनची मोटर आणि गिअर चांगले असतील, एका पॅकवर दोन-तीन हत्यारं चालत असतील, तर पॅक भरणंच फायद्याचं. मशीनच खिळखिळं झालं असेल तर ते दुसऱ्याला सुट्या भागांसाठी द्या. प्रत्येक मशीन वाचेल असा माझा दावा नाही. वाचू शकणारं मशीन चौकशीविना जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

या सगळ्याला आरोग्याची बाजूही आहे. कॅडमियम मूत्रपिंडं निकामी करतं, हाडं ठिसूळ करतं, आणि तो सिद्ध झालेला कर्करोगकारक आहे. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम मिसळलं, ते भातशेतीत उतरलं आणि ‘इताई-इताई’ नावाच्या अतोनात वेदनांच्या आजाराने लोक खचले. आपण जुना पॅक कचऱ्यात टाकतो किंवा भंगाराच्या ढिगात देतो, तेव्हा तो कुणाच्या हातोड्याखाली फुटेल आणि कुठल्या ओढ्यात जाईल हे आपल्या हातात उरत नाही. भारतात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा काढलेल्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, ते वेगळ्या डब्यात ठेवा आणि अधिकृत संकलन केंद्रातच द्या. सेल फोडू नका, जाळू नका. पांढरी भुकटी आलेली दिसली तर हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा.

म्हणून माझं पहिलं आवाहन हत्यार वापरणाऱ्यांना. बंद मशीन चार्जरसकट जपा. चार्जर हरवला की अर्धी लढाई तिथेच हरते. मशीनचं मॉडेल, व्होल्टेज आणि पॅकचा आकार लिहून ठेवा. आपल्या ओळखीच्या मिस्त्रींना विचारा. एकाच पॅकची पाच मशीनं निघाली तर सेल एकत्र मागवता येतात.

दुसरं आवाहन दुरुस्ती करणाऱ्यांना. ई-रिक्षा आणि ई-बाइकचे पॅक जोडायला शिकलेले तरुण आता तालुक्याच्या गावीही दिसतात. स्पॉट वेल्डर तुमच्याकडे आहे, सेल निवडण्याची नजर आहे. ड्रिलचा पॅक हे त्याच कौशल्याचं लहान रूप आहे. दुकानाच्या पाटीवर एक ओळ वाढवा: ‘ड्रिलचे पॅक भरून मिळतील.’ कोणते सेल घातले ते गिऱ्हाइकाला बिलावर लिहून द्या आणि कामाची हमी द्या. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, विश्वासाचं काम करणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत येतं.

तिसरं आवाहन शिकवणाऱ्यांना. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या वर्गांत बंद पडलेला पॅक हा धडा व्हायला हवा: मोजणं, निदान, वेल्डिंग, चार्जिंग, विल्हेवाट, सगळं एका डब्यात सापडतं. हाताने काम करत शिकण्याची परंपरा आपल्याकडे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे विज्ञान आश्रम उभा केला तो याच विश्वासावर. त्या वाटेने चालणाऱ्या प्रत्येक शाळेने आणि कार्यशाळेने महिन्यातला एक दिवस गावातल्या बंद हत्यारांसाठी राखावा.

आणि शेवटचं मागणं कंपन्यांकडे आणि सरकारकडे. पॅकचा आकार न बदलता पुढे जाता येतं, हे रिओबीने दाखवलं आहे: १९९६ मध्ये आलेल्या तिच्या १८ व्होल्टच्या जुन्या हत्यारांत आजचा लिथियम पॅक बसतो. जे एकीला जमलं ते इतरांना जमायला हरकत नाही. युरोपीय संघाच्या नव्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता यायला हवी, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं ती सुटा भाग म्हणून मिळायला हवी. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं. त्यासाठी निवडलेली चार क्षेत्रं शेती अवजारं, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही आहेत. कारागिराच्या हत्याराचं नाव तिथे ठळकपणे यायला हवं. त्यासाठी मिस्त्रींच्या संघटनांनी, कंत्राटदारांनी आणि ग्राहक पंचायतींनी निवेदनं द्यावीत, आणि पॅक नाकारला गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नोंदच झाली नाही तर ही अडचण आहे हेही कुणाला कळणार नाही.

पण कायद्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. या आठवड्यात माळ्यावरचं मशीन खाली उतरवा, पॅकचे स्क्रू काढा, सेल मोजा. तुमच्या गावात पॅक भरून देणारा कोण आहे ते शोधा आणि चार जणांना त्याचं नाव सांगा. तसा कुणी नसेल तर ज्याच्याकडे स्पॉट वेल्डर आहे त्याच्याकडे जा, पॅक त्याच्या टेबलावर ठेवा आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक व्हा.