शुद्धता ९९ टक्के, पण पाहिली कशाने?

सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च २०२६ मध्ये संपले आणि मधुमेहावरच्या या इंजेक्शनच्या स्वस्त प्रतींना वाट मोकळी झाली. उत्तमच झाले. पण चर्चा किमतीपाशीच अडली आहे. प्रत्येक बॅचच्या प्रमाणपत्रावर ‘शुद्धता ९९ टक्के’ असा आकडा झळकतो. तो कशाने मोजला, हे फारसे कुणी विचारत नाही.

सेमाग्लुटाइड ही ३१ अ‍ॅमिनो आम्लांची साखळी. मूळ कंपनी तिचा सांगाडा यीस्टकडून करून घेते. काही प्रती मात्र एकेक अ‍ॅमिनो आम्ल रासायनिक रीतीने जोडत बनतात, आणि चुका होण्याच्या जागाही मग बदलतात. एखादे ग्लायसिन जोडायचे राहिले तर रेणूचे वजन ५७ डाल्टनने घटते. मास स्पेक्ट्रोमीटर ते लगेच पकडतो. पण जोडताना हिस्टिडिन उलट्या हाताचे झाले, किंवा साठवणीत अ‍ॅस्पार्टिक आम्लाने आपली जोडणी बदलून घेतली, तर? वजन तसूभरही बदलत नाही. कोट्यवधींचे यंत्र अशा वेळी आंधळे. तिथे भरवसा असतो तो घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफी कॉलमचा: ही जुळी भावंडे, म्हणजे समघटक, आधी वेगळी झाली, तरच पुढचा डिटेक्टर, मग तो साधा अतिनील का असेना, त्यांना मोजणार.

अतिनीलचेही तेच. २१४ नॅनोमीटरला पेप्टाइड बंध दिसतो, म्हणजे साखळीचा तुटका तुकडाही दिसतो. २८० ला मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन दिसतात. ते नसलेला तुकडा जवळजवळ अदृश्य. तरंगलांबी बदलली की तीच कुपी अधिक ‘शुद्ध’ ठरू शकते! त्यात मूळ इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये औषध १.३४ मिलिग्रॅम आणि परिरक्षक फिनॉल ५.५ मिलिग्रॅम. फिनॉलही अतिनील शोषतो. आलेखावरच्या त्याच्या भल्यामोठ्या शिखराखाली (पीक) काय दडले आहे, हे नीट वेगळे केल्याशिवाय कळायचे नाही. शिवाय ज्या ट्रायफ्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाने पीक सुरेख येतात, तेच मास स्पेक्ट्रोमीटरचा संकेत दाबते. एका पद्धतीत सगळे बसवण्याचा हट्ट इथेच फसतो.

यीस्ट किंवा जिवाणूंकडून बनवलेल्या लिराग्लुटाइडसह पाच पेप्टाइडांच्या रासायनिक प्रतींसाठी अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०२१ मध्ये मार्गदर्शन दिले. मूळ औषधात नसलेली पेप्टाइडजन्य अशुद्धी ०.१ टक्क्याच्या वर गेली की तिची ओळख पटवा, आणि कोणतीही नवी अशुद्धी ०.५ टक्क्यापुढे नको. म्हणजे हेच माप लावले तर ‘९९ टक्के’च्या उरलेल्या एका टक्क्यात नामंजूर ठरणारा माल आरामात मावतो.

तेव्हा आधी यंत्र घेऊन मग त्याला काम शोधू नये. कोणती चूक निसटता कामा नये हे ठरवून पद्धत निवडावी. आणि ज्या प्रमाणपत्रावर कॉलम, तरंगलांबी आणि वेगळ्या करून दाखवलेल्या समघटकांची नावे नाहीत, ते खरेदी विभागांनी सरळ परत पाठवावे.