परीक्षा दिली की घेतली?

गेल्या महिन्यात आमच्याकडे फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू होते आणि पॅनेलवर मला बसवलं होतं. एक मुलगा आला. मराठवाड्यातल्या एका छोट्या गावचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली तर पठ्ठ्याने दोन पद्धतींनी करून दाखवली, वर कुठली पद्धत कधी वापरावी हेही सांगितलं. मग शेजारी बसलेल्या सिनियरने विचारलं, मध्ये एक वर्ष गॅप का? मुलगा म्हणाला, "सर, आय वॉज इल. सो आय गेव्ह माय एक्झाम नेक्स्ट इयर."

सिनियर माझ्याकडे बघून हसला. "यू गेव्ह द एक्झाम? ऑर यू टुक इट?"

मुलगा गडबडला. आपण आजारपणाची थाप मारतोय असं साहेबांना वाटतंय, अशी त्याची समजूत झाली असावी. घाईघाईने फाइलमधून मेडिकल सर्टिफिकेट शोधायला लागला. त्यानंतरची त्याची सगळी उत्तरं अडखळत आली. फॉर्मवर 'कम्युनिकेशन'च्या रकान्यात 'पुअर' पडलं आणि खाली मीही सही ठोकली.

त्या सहीचा राग आहे म्हणून हा लेख. आधीच सांगून ठेवतो, थोडा तिरकस होणार आहे.

पहिला मुद्दा. तो मुलगा काय चुकला? मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर ती घेतात. हिंदीतही तसंच. इंग्रजीत बरोब्बर उलट: मास्तर 'गिव्ह' करतात, विद्यार्थी 'टेक' करतो. आता तर्क कोणाचा बरोबर? आपण म्हणू, उत्तर देतात, हिशेब देतात, साक्ष देतात, तशी परीक्षाही देतात. इंग्रज म्हणेल, पेपर मास्तर वाटतो, मुलगा तो घेतो, म्हणून 'टेक'. दोन्ही पटतं ना? कुठल्याही बाजूने तर्क लढवता येतो तेव्हा समजावं की इथे मुळात तर्क नाही, फक्त वहिवाट आहे. आणि वहिवाटसुद्धा एक नाही. ब्रिटनमध्ये परीक्षेला 'सिट' करतात, कॅनडात ती 'राइट' करतात.

हाच सिनियर 'टेक अ डिसिजन' ऐकलं की नाक मुरडतो. म्हणे अस्सल इंडियन इंग्लिश, बरोबर 'मेक अ डिसिजन'. साहेब, अमेरिकेत 'मेक' चालतं हे खरं, पण ब्रिटनमध्ये 'टेक अ डिसिजन' राजरोस छापलं जातं. फ्रेंच माणूसही निर्णय 'घेतो'. जर्मन माणसाला तर निर्णय 'भेटतो', म्हणजे तो जे क्रियापद वापरतो त्याचा एक अर्थ भेटणे असा आहे. अंघोळीचंही तेच. ब्रिटिश माणूस बहुधा शॉवर 'हॅव' करतो, अमेरिकन 'टेक' करतो. पाणी दोघांच्याही डोक्यावर सारखंच पडतं.

दुसरा मुद्दा, हे असं का होतं. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने इंग्रजीचं अवाढव्य व्याकरण लिहिलं. त्याच्या १९४२ साली आलेल्या सहाव्या खंडात त्याने अशा क्रियापदांना 'लाइट व्हर्ब' म्हटलं, म्हणजे हलकं क्रियापद. 'टेक अ लुक' यात सगळा माल 'लुक'मध्ये आहे. 'टेक' हा नुसता हमाल. तो काळ वाहून नेतो ('टुक', 'विल टेक'), बाकी त्याच्या पोत्यात फारसं काही नाही. मग नुसतं 'लुक' का म्हणत नाहीत? कारण नाम केलं की त्याला विशेषण लावता येतं, मोजता येतं. 'टेक अ क्विक लुक', 'मेड थ्री मिस्टेक्स'. सोय आहे म्हणून हमाल ठेवलाय. पण कुठल्या मालाला कुठला हमाल, हे वहिवाटीने ठरलेलं.

आपल्या मराठीत काय वेगळं आहे? आपण गप्पा मारतो, मार खातो, झोप काढतो, रजा टाकतो. यात कोण कोणाला मारतं? खाऊन पोट भरतं का? आईची 'काळजी घेणं' वेगळं आणि आईची 'काळजी करणं' वेगळं. मुलाचं 'नाव ठेवलं' की बारसं होतं, मुलाला 'नावं ठेवली' की भांडण होतं. उद्या एखादा अमेरिकन पाहुणा ऑफिसात म्हणाला, "मी तुमचा फोटो घेतला," तर आपण काय करू? "अय्या, किती गोड मराठी बोलतो!" म्हणून टाळ्या पिटू. फोटो घेतात की काढतात यावरून त्याच्या अकलेचा हिशेब कोणी मांडणार नाही. चूक तीच, जात तीच. एकाला टाळ्या, दुसऱ्याला 'पुअर'. हे भाषेचं प्रेम नाही मंडळी, ही निव्वळ कोणापुढे झुकायचं आणि कोणाला झुकवायचं याची सवय आहे.

तिसरा मुद्दा, आणि इथे माझा खरा राग आहे. हे त्या मुलाला शिकवलं कोणी, आणि कसं? मलाही तसंच शिकवलं. वहीच्या मधोमध रेघ. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. टेक म्हणजे घेणे. गिव्ह म्हणजे देणे. मेक म्हणजे बनवणे. डू म्हणजे करणे. दहा-बारा वर्षं हीच वही. तिच्यात बघून 'परीक्षा दिली'चं इंग्रजी केलं तर 'गेव्ह द एक्झाम'च येणार! मुलाने दिलेला नियम इमानदारीने चालवला. बग नियमात आहे.

पुढे स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाले भेटतात. त्यांच्याकडे नवा नियम: काम असेल तर 'डू', काही तयार होत असेल तर 'मेक'. बरं. मग 'होमवर्क' डू, ठीक. 'मिस्टेक' मेक का? 'नॉइज' मेक का? फोन करणं हे काम नाही का, मग 'मेक अ कॉल' का? अंथरूण नीट घालताना नवं काय तयार होतं, तरी 'मेक द बेड'! बिझनेस 'डू' करायचा आणि त्यातून मनी 'मेक' करायचा. आणि लक्ष देताना यातलं काहीच नाही, तिथे चक्क 'पे'. ज्या नियमाला दर दुसऱ्या ओळीत अपवाद, त्याला आपल्या धंद्यात नियम म्हणत नाहीत. हे फंक्शन नाहीच, हे लुकअप टेबल आहे. नाम दिलं की क्रियापद शोधायचं. टेबलाला फंक्शन समजून शिकवलं की असाच घोळ होतो.

गंमत म्हणजे हे जगाला खूप आधी कळलंय. सी. के. ऑग्डेनने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' काढलं. शब्द फक्त ८५०, त्यात क्रियापदं अवघी १८. बाकी सगळं गिव्ह, टेक, मेक, पुट, गेट यांच्या जोड्या लावून भागवायचं. १९४३ मध्ये चर्चिलनेही त्याची भलामण केली. यादी एका पानात मावते, पण मेख अशी की कुठल्या क्रियापदाला काय जोडलं की काय अर्थ होतो, ते पुन्हा वेगळं पाठ करावंच लागतं. उलट जपानमध्ये काम करणाऱ्या हॅरॉल्ड पामरने १९३३ मध्येच अशा ठरलेल्या शब्दजोड्यांच्या भल्यामोठ्या याद्या छापल्या होत्या, परक्या मुलांना त्या अख्ख्याच शिकवाव्या लागतात म्हणून. शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, असं सांगणारा जे. आर. फर्थ तर १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्रोफेसर होता. आपल्याच उपखंडात! आणि आपण अजून वहीच्या मधोमध रेघ मारतोय.

आता समोरून येणारा प्रश्न मला माहीत आहे. "म्हणजे काहीही बोललं तरी चालेल? क्लायंटला चुकीचं कळलं तर?" नाही, काहीही चालणार नाही. 'आय गेव्ह द एक्झाम' ऐकून परदेशी क्लायंटला हा मास्तर होता असं वाटू शकतं. तेव्हा दुरुस्ती हवीच. पण दुरुस्ती किती मोठी? एक ओळ. "अरे, एक्झामसोबत टेक वापरतात." संपलं. कोड रिव्ह्यूत व्हेरिएबलचं नाव चुकलं तर आपण कॉमेंट टाकतो, की अख्खा मोड्यूल फेकून देतो? शिवाय त्या खोलीत गैरसमज कोणाचाच झाला नव्हता. उमेदवार परीक्षेला बसला होता की पर्यवेक्षक होता, हे सिनियरला नीट कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तर हसला.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी उपाय साधा आहे, मी स्वतः केलेला. वहीतली रेघ पुसा. पानाच्या डोक्यावर नाम लिहा आणि खाली त्याचे सोबती. 'मिस्टेक': मेक, करेक्ट. 'अटेन्शन': पे, ड्रॉ, अट्रॅक्ट. 'एक्झाम': टेक, पास, फेल. २००२ साली आलेली ऑक्सफर्डची कलोकेशन्स डिक्शनरी हेच करते, नामाखाली त्याची क्रियापदं मांडून देते. रोज दोन नामं केली तरी वर्षात सातशेच्या वर होतात. 'असं का' विचारू नका. गप्पा का मारतात हे आपण कधी विचारलं होतं?

आणि पॅनेलवर बसणाऱ्यांसाठी: 'पुअर' लिहिण्याआधी कुठली गोष्ट कळली नाही ते एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही, तर खोट कम्युनिकेशनमध्ये नव्हती.

त्या मुलाचं काय झालं? त्याला घेतलं नाही. मी दुसऱ्या दिवशी एचआरला मेल टाकली की माझं मत बदललंय. उत्तर आलं, फॉर्म सबमिट झाल्यावर बदलता येत नाही. सिस्टीममध्ये तशी सोय नाही म्हणे. सिस्टीम आम्हीच बांधतो, तरी. पुढचं पॅनेल तीन आठवड्यांनी आहे. रकाना तोच असेल आणि सिनियरही बहुधा तोच. या वेळी सही करण्याआधी मी विचारणार आहे, नक्की काय कळलं नाही ते सांगा.

असो. रविवार संपला. उद्या बिल्ड आहे.