बँकॉकहून मूर्ती नको, भिंत आणा

बँकॉकची सहल करून आलेल्या आपल्या लोकांच्या मोबाईलमध्ये सोनेरी बुद्धमूर्तींचे फोटो भरलेले असतात. ‘बौद्ध देश पाहिला’ याचे समाधान असते. ते आम्हालाही मिळाले. पण बाबासाहेबांनी आपल्याला धम्म पारखून दिला. मग बौद्ध देशही आपण पारखूनच पाहायला हवा.

पहिले ठिकाण, राजवाड्याच्या आवारातले वाट फ्रा केओ. आत पाचूबुद्ध म्हणून ओळखली जाणारी मूर्ती आणि भोवतीच्या ओवऱ्यांमध्ये १७८ चित्रचौकटींत रामकथा! थायलंडच्या राजांना ‘राम’ म्हणतात, जुन्या राजधानीचे अयुथया हे नाव अयोध्येवरून आले. राजसत्तेला बुद्धही हवा होता आणि ब्राह्मणी वैभवही.

दुसरे ठिकाण, एरावन. मॉल आणि हॉटेलांच्या गर्दीतले हे चतुर्मुख ब्रह्मदेवाचे देवस्थान. बौद्ध माणसे इथे फुले, उदबत्त्या वाहतात, नवस फेडतात. ही मूर्ती ९ नोव्हेंबर १९५६ रोजी बसवली गेली. त्याच्या महिनाभरही आधी नाही, १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली होती. आम्ही थाई लोकांना नावे ठेवत नाही. त्यांचा धम्म परंपरेने आला, आपला विद्रोहातून आला. म्हणून बावीस प्रतिज्ञांबाबत आपल्याला ढिलाई परवडत नाही. एरावनला हात जोडून सेल्फी टाकणाऱ्यांनी पहिली प्रतिज्ञा पुन्हा वाचावी.

तिसरे ठिकाण, वाट फो. सगळे ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धासमोर थांबतात आणि परततात. खरे पाहायचे ते भिंतींवर आहे. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या रामाच्या काळात इथे औषधोपचार, मालिश, काव्य, इतिहास असे ज्ञान हजाराहून अधिक शिलालेखांत कोरले गेले. विहार म्हणजे विद्यापीठ! आपल्याकडे शूद्राने वेद ऐकणेही पाप ठरवले होते, तिथे वैद्याची विद्या उघड्यावर मांडली गेली.

म्हणून ते राज्य समतेचे होते असे मात्र नाही. सयाममधली गुलामगिरी कायद्याने संपायला १९०५ साल उजाडले. मंदिरावरचे सोने माणसाला मुक्त करत नाही. भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत विचारला, तो यासाठीच.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. वर्गणी काढून आपण बँकॉकची फायबरची मूर्ती आणतो, जयंतीला रोषणाई करतो आणि उरलेले वर्ष विहाराला कुलूप असते. मित्रांनो, वाट फोची भिंत आणा. शिष्यवृत्तीची माहिती, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे, ॲट्रॉसिटी कायद्यातले हक्क, बाळंतिणीचा आहार, हे सगळे विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. संध्याकाळी दोन तास कुलूप काढा. त्याला विमानाचे तिकीट लागत नाही.

जय भीम!